घाट पुष्कळ झाले, आता रे रोडला चला

कला महाविद्यालयात ‘आउटडोअर’ हा शब्द उच्चारला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे नाशिकचे रामकुंड येते, वाईचा ढोल्या गणपती येतो, मेणवलीचा घाट येतो. पैशांची सोय झाली तर बनारस. वर्षातून एकदा सहल निघते, चार दिवस भराभर कागद भिजतात, परत आल्यावर निवडक चित्रे माउंट होऊन वार्षिक प्रदर्शनात लागतात आणि बाहेर बसून काम करण्याचा विषय पुढच्या वर्षापर्यंत मिटतो. या प्रथेविषयी माझ्या दोन तक्रारी आहेत. एक स्थळाविषयी, दुसरी माध्यमाविषयी. दोन्हींवर मला सुचलेला उपाय मात्र एकच आहे आणि तो हार्बर मार्गाच्या तिकिटाइतका स्वस्त आहे. तैलरंगांची पेटी घ्यावी आणि रे रोडला जावे.

प्रथम एक गैरसमज टाळतो. जलरंगाविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. हळदणकर, परांडेकर, धोंड यांच्या शहरात राहून तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. घाटांविरुद्धही माझे काही म्हणणे नाही. पायऱ्यांवरची ऊन-सावली आणि पाण्यातले प्रतिबिंब यांनी आपल्या कित्येक पिढ्यांना दृष्टी दिली आहे. माझी तक्रार आहे ती या प्रथेतून नकळत रुजणाऱ्या एका समजुतीविरुद्ध. लालबागला किंवा चेंबूरला राहणारा विद्यार्थी हळूहळू असे मानू लागतो की चित्राचा विषय गावाबाहेर असतो. त्यासाठी रात्रीची गाडी पकडावी लागते, वळकटी बांधावी लागते. आपण रोज ज्याच्यावरून जातो त्यात पाहण्यासारखे काही नाही, हा धडा आपण त्याला कधीच शब्दांनी शिकवत नाही, पण तो शिकून जातो.

आता रे रोडकडे वळू. लॉर्ड रे हा १८८५ ते १८९० या काळात मुंबईचा गव्हर्नर होता, त्याचे नाव या रस्त्याला आणि स्थानकाला मिळाले. हार्बर मार्गाचा कुर्ला ते रे रोड हा तुकडा १९१० साली सुरू झाला, आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली ती याच स्थानकावरून. एवढा इतिहास असूनही कुणी ‘रे रोडला फिरायला जातो’ असे म्हटलेले मी ऐकलेले नाही. तिथे लोक कामाला जातात. लाकडाच्या वखारी, लोखंडाचा बाजार, गोदामे, ट्रक, हातगाड्या आणि त्यांच्यापलीकडे चिखल नि खाडीसारखा दिसणारा समुद्र. बंदरांची नावेच सांगतात की इथे काय उतरत असे: लकडी बंदर, कोळसा बंदर, गवताचे म्हणून ‘हे बंदर’. दारूखान्यातली दारूही पिण्याची नव्हे, तोफांची. फुटलेल्या जहाजांतून निघालेले साखळदंड, नांगर, दोरखंड, गोल खिडक्या, कुठल्याशा कप्तानाच्या खोलीतले सागवानी कपाट, असे सारे इथल्या दुकानांतून विकायला ठेवलेले असते. एखाद्या चित्रकाराने स्थिरचित्रासाठी मुद्दाम मांडावे तसे ते मांडलेले असते, आणि मांडणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते.

ही जागा तैलरंगातच का रंगवावी? कारण तिथली प्रत्येक वस्तू थरांनी बनलेली आहे. जलरंगाचा जीव कागदाच्या पांढरेपणात असतो. तो पांढरेपणा राखत राखत चित्र पुढे न्यायचे असते. रे रोडला पांढरे असे काही शिल्लकच नाही. गंजलेल्या पत्र्याकडे पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी बर्न्ट सिएना काढतो आणि पत्रा भरून मोकळा होतो. दहा मिनिटे नीट पाहिल्यावर त्याला दिसते की उन्हातला गंज जवळजवळ केशरी आहे, सावलीतला जांभळट आहे, पत्रा जिथे अजून धड आहे तिथे निळसर राखी चकाकी आहे आणि जिथून पाणी गळते तिथे काळा ओघळ आहे. मग तो सुरीने रंग खरवडतो, त्यावर दुसरा चढवतो, खालचा थोडा दिसू देतो. जुन्या रंगावर नवा रंग, त्यावर गंज, गंजावर धूळ, अशीच तर ती वस्तूही घडली आहे. ओहोटीचा चिखल, ओल्या लाकडाची थप्पी, तेल सांडलेला रस्ता यांचेही तेच. त्यांना वजन आहे आणि तैलरंगालाही वजन आहे.

हे काही माझे नवे तत्त्वज्ञान नव्हे. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने रंगासाठी कथलाची दाबता येणारी ट्यूब काढली. तोपर्यंत तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांतून न्यावा लागे. ट्यूब आली आणि तैलरंग खिशात बसू लागला. त्याच्याही आधी, १८२१-२२ साली, इंग्लंडात कॉन्स्टेबल उघड्यावर बसून तैलरंगात नुसते ढग रंगवत होता आणि अभ्यासचित्रांच्या पाठीवर तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा टिपून ठेवत होता. १८७७ साली मोनेने पॅरिसच्या सँ-लाझार रेल्वे स्थानकात बसून धुराची आणि इंजिनांची चित्रमालिका केली. त्या काळच्या रसिकांना रेल्वेचे स्थानक हा चित्राचा विषयच वाटत नव्हता. आपल्याकडे यायचे तर कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी राहून तोच परिसर पुनःपुन्हा रंगवत राहिले. इंदूरला देवळालीकर मास्तरांनी विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर काढले, गल्लीबोळांत बसवले, आणि त्या शाळेतून बेंद्रे निघाले, हुसेन निघाले. या सगळ्यांत समान धागा एवढाच की त्यांनी रम्य स्थळ शोधण्यापेक्षा हाताशी असलेल्या जागेकडे परत परत जाणे पसंत केले.

आता अडचणी. तैलरंग बाहेर नेणे हे जिकिरीचे काम आहे, असे विद्यार्थी म्हणतात. ते खरेच आहे. परंतु त्यातल्या बहुतेक अडचणींवर जुन्या मंडळींनी तोडगे काढून ठेवले आहेत. टर्पेंटाइन ज्वलनशील आहे आणि ज्वलनशील पदार्थ घेऊन रेल्वेने प्रवास करायला मनाई आहे. तेव्हा टर्प घरीच ठेवावे. ब्रश फडक्याने पुसत काम करावे, बरोबर लिनसीडची, म्हणजे आपल्या जवसाच्या तेलाची, लहान बाटली ठेवावी आणि घरी आल्यावर साबणाने ब्रश धुवावेत. तेलाचे बोळे मात्र चुरगाळून पिशवीत कोंबू नयेत. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, त्यात उष्णता निर्माण होते आणि कोंडलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. लाकडाच्या वखारीशेजारी बसणाऱ्याने हे विसरून चालणार नाही. फडकी पसरून वाळवावीत. ओले कॅनव्हास न्यायचे तर एकाच मापाचे दोन घ्यावेत, चार कोपऱ्यांत बुचाचे तुकडे ठेवून समोरासमोर बांधावेत आणि परत येताना मालडब्यात बसावे. दहा बाय बारा इंचांचा बोर्ड आणि पाच-सहा ट्यूबा सुरुवातीला पुरतात. ब्रश सोडून बाकी सगळे त्याहून अधिक नेणारा माणूस तासाभरात दमतो.

आणि हो, पाऊस. जलरंगाचा कागद जुलैत वाळत नाही. तैलरंगाचे तसे नाही. तो पाणी उडून वाळतच नसल्याने भुरभुर आली तर थेंब रंगावरून ओघळून जातात. पावसाळ्यात ताडपत्रीखाली बसून काम करता येण्यासारखे माध्यम दुसरे नाही, आणि पावसाळ्यातला गंज तर विचारूच नका. उन्हाचे गणितही ध्यानात ठेवावे. रे रोड शहराच्या पूर्व किनाऱ्यावर आहे, त्यामुळे सकाळी समुद्राकडे तोंड केले की सूर्य डोळ्यांत येतो आणि सगळे काळ्या आकृत्यांसारखे दिसते. सकाळी गोदामांकडे तोंड करावे, पाण्याकडे बघायचे ते दुपारी तीननंतर.

दुसरा आक्षेप अधिक आजचा आहे. विद्यार्थी म्हणतो, “सर, मोबाइलवर फोटो काढून आणतो, वर्गात बसून रंगवतो. काय फरक पडतो?” फरक पुष्कळ पडतो. भर दुपारी शेडमधल्या अंधाराचा फोटो काढला तर एक तर शेड काळी ठिक्कर होते, नाही तर आकाश पांढरे फटक. डोळ्याला त्या अंधारात चार-पाच रंग दिसत असतात, हमालाच्या पाठीवरचा घाम दिसत असतो. परंतु खरा फरक वेळेचा आहे. फोटो क्षणात निघतो, चित्राला दोन तास लागतात, आणि त्या दोन तासांत सावली सरकते, पाणी चढते, समोरची लाकडाची थप्पी ट्रकमध्ये भरून निघूनही जाते. एकदा एका विद्यार्थ्याने मोठ्या कष्टाने साधलेली थप्पी मुकादमाने त्याच्यादेखत हलवली. तो हिरमुसला. मुकादम म्हणाला, “भाऊ, माल विकायला ठेवलाय, बघायला नाही.” त्या वाक्यात रचनेचा एक अख्खा तास होता. विद्यार्थ्याने थप्पीच्या जागी रिकामी जमीन आणि भरलेला ट्रक काढला. आधीच्या रचनेत नसलेली गती तिथे आली.

भरतीचे उदाहरण घ्या. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज नऊ वाजता जसे पाणी आणि ऊन होते तसे उद्या नऊला नसते. तो मेळ पुन्हा जमायला साधारण पंधरवडा जावा लागतो. म्हणजे ज्याला ते चित्र पुरे करायचे आहे त्याला तिथे पंधरा दिवसांनी पुन्हा यावे लागते, मध्ये दुसरे बोर्ड घेऊन यावे लागते. हे येणे-जाणेच खरे शिक्षण आहे, असे मला वाटते. तैलरंग हे हळू चालणारे माध्यम आहे म्हणून विद्यार्थी त्याला नाके मुरडतात. मी त्याच कारणासाठी त्याची शिफारस करतो.

येथे कोणी टर्नरचे नाव घेईल. ट्रफाल्गरच्या १८०५ च्या लढाईत लढलेले ‘टेमेरेअर’ जहाज १८३८ साली टेम्स नदीतून ओढत मोडायला नेले गेले आणि टर्नरने त्यावर केलेले चित्र १८३९ मध्ये प्रदर्शित झाले. ते चित्र त्याने नदीकाठी ईझल लावून केलेले नाही. स्टुडिओत केले, आणि सूर्यास्त, शिडे नि डोलकाठ्या मनाप्रमाणे रचल्या. मग बाहेर बसण्याचा एवढा आग्रह कशाला? आक्षेप योग्य आहे. पण टर्नरच्या मागे नदीकाठी नि समुद्रकाठी भरलेल्या रेखाटनवह्यांची चाळीस वर्षांहून अधिक पुंजी होती. ज्याने पाणी इतके पाहिले आहे त्याने खुशाल डोळे मिटून रंगवावे. आपला विद्यार्थी डोळे उघडण्याआधीच मिटू पाहतो, ही माझी तक्रार आहे.

आणि टेमेरेअरचा विषय निघालाच आहे तर एक आठवण करून देतो. आपले ‘विक्रांत’ हे १९६१ मध्ये नौदलात दाखल झालेले विमानवाहू जहाज, १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात ज्याने कामगिरी केली आणि १९९७ मध्ये जे निवृत्त झाले, ते काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभे होते. २०१४ साली ते भंगारात विकले गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याचे तुकडे करायला सुरुवात झाली. कुठे? दारूखान्यात, रे रोड स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्याच्या पोलादापासून मोटारसायकली निघाल्या, नौदल गोदीच्या लायन गेटसमोर अर्झान खंबाटा यांनी घडवलेले स्मारकशिल्प उभे राहिले, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. पण टेमेरेअर म्हणताच जसे एक चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, तसे विक्रांत म्हणताच मुंबईकराच्या डोळ्यांपुढे कोणते चित्र उभे राहते? ज्या शहरात १८५७ पासून कलाशिक्षण चालू आहे त्या शहराला हा प्रश्न विचारण्यात काही गैर नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एका माजी विद्यार्थिनीने तो मला रोखठोक विचारला होता: “गंज तुम्हाला सुंदर दिसतो, सर. पण तो कापणाऱ्याच्या छातीत जातो.” खरे आहे. जहाज फोडण्याच्या कामात अॅस्बेस्टॉसची धूळ आहे, गॅसकटरच्या ठिणग्या आहेत, जुन्या रंगातले शिसे आहे. वखारीतल्या हमालाचा खांदा पन्नाशीआधीच झिजलेला असतो. अशा जागेचे रंग चाखत बसणे हा चैनीचा प्रकार नाही का? घाटावरची भिकारीण रंगवून बक्षीस मिळवणे आणि दारूखान्यातला गंज रंगवून बक्षीस मिळवणे यांत फरक कोणता?

माझ्या मते फरक बसण्याच्या कालावधीत आहे. फोटो काढून पळणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. ईझल लावून दोन तास बसणाऱ्याला सगळे विचारतात. कुठून आलात, याचे किती मिळतात, हे कशाला काढता, चहा घेणार का. पोरे मागे उभी राहून रंग ओळखतात आणि चुकला तर सांगतात. एका दुपारी एका विद्यार्थ्याच्या कॅनव्हासकडे बराच वेळ बघून एका हमालाने विचारले, “समदं झालं, पन मानसं कुटं हायती?” वखारीत त्या वेळी वीसेक माणसे राबत होती. विद्यार्थ्याने उत्तर दिले नाही, त्याने पॅलेटवर नवा रंग काढला. जिथे पाहिले जाणारेही आपल्याला पाहत असतात, प्रश्न विचारत असतात, तिथे चित्रकाराला नुसता रसिक होऊन बसता येत नाही. त्याने काय गाळले याचा जाब तिथल्या तिथे द्यावा लागतो. वर्गात हा जाब विचारणारा कोणी नसतो, प्रदर्शनातही नसतो. मात्र जे काढले ते त्या माणसांना दाखवलेच पाहिजे, ही अट मी घालीन.

राहता राहिली परवानगी. बंदराची हद्द संवेदनशील आहे, गोदीच्या भिंतीजवळ पहारे आहेत आणि ते असणारच. एखाद्या दरवाजाशी पहारेकरी उठवतो, दुसऱ्या ठिकाणी चौकशी होते. विद्यार्थी याला घाबरून घाट गाठतात, कारण घाटावर कोणी हटकत नाही. पण मोनेनेसुद्धा सँ-लाझारमध्ये काम करण्याआधी रेल्वेची परवानगी मिळवली होती. महाविद्यालयाने एक पत्र द्यावे, त्यावर विद्यार्थ्यांची नावे आणि वार असावेत, ओळखपत्र गळ्यात असावे. रस्ता, वखारी, पूल, स्थानकाचा परिसर एवढ्यात वर्षभर पुरेल इतका ऐवज आहे. जिथे मनाई आहे तिथे शिरण्याची गरजच नाही. आणि जिथे कोणी आपल्या दुकानासमोर बसू देईल तिथे आधी त्याला विचारावे, मग ईझल उघडावे. हे शिष्टाचारही आउटडोअरचाच भाग आहेत.

घाईचे एक कारण आहे. रे रोड बदलतो आहे. २०१३ मध्ये पूर्व मुक्त मार्ग आला आणि इथल्या छपरांवरून भरधाव गाड्या जाऊ लागल्या. जानेवारी २०२४ मध्ये जवळच्या शिवडीहून समुद्रावरचा अटल सेतू सुरू झाला. २०२५ मध्ये रे रोडला रुळांवर केबलांनी तोललेला नवा पूल वाहतुकीला खुला झाला. बंदराच्या जमिनींचे पुढे काय करायचे याच्या योजना होत आहेत. मी या बदलांविरुद्ध रडगाणे गात नाही. नवा पूलही चित्राचा उत्तम विषय आहे. जुन्या पत्र्यांच्या वर ताणलेल्या त्या केबला मी आनंदाने रंगवीन. पण १९८२ च्या संपानंतर गिरणगावाचे काय झाले ते आपण पाहिले आहे. भोंगे थांबले, धुराडी पडली, तिथे मॉल उभे राहिले. आमच्या महाविद्यालयाच्या कपाटात जुन्या विद्यार्थ्यांच्या चित्रांचे गठ्ठे आहेत. त्यांत घाटांचा गठ्ठा जाड आहे आणि गिरण्यांचा फार पातळ. त्या वेळी गिरणी चालतच राहणार असे सर्वांना वाटत होते, आणि जे नेहमीच समोर राहणार आहे ते रंगवायची घाई कोणाला असते?

म्हणून माझी सूचना साधी आहे. सहल असू द्यावी. तिच्या जोडीला दर पंधरवड्याला एक सकाळ किंवा एक दुपार, तैलरंग घेऊन, रे रोड. वर्षभर तीच जागा. प्रत्येक बोर्डाच्या पाठीवर कॉन्स्टेबलप्रमाणे तारीख, वेळ आणि भरती-ओहोटी लिहावी. दर वर्षी त्यांतली काही चित्रे महाविद्यालयाने ठेवून घ्यावीत. पंचवीस वर्षांनी तो एका मोहल्ल्याचा रंगीत रोजनिशीसारखा दस्तऐवज होईल. आणि वार्षिक प्रदर्शनाच्या आधी एक दिवस ही चित्रे तिथल्याच एखाद्या वखारीत, मालकाच्या परवानगीने, लाकडाच्या थप्प्यांना टेकवून मांडावीत. परीक्षक तिथे भरपूर आहेत. गंज कसा असतो हे त्यांना आपल्याहून चांगले कळते आणि चित्रात आपली माणसे आहेत की नाहीत हे ते पहिल्या नजरेत सांगतील.